लॅपटॉप सकाळी बंद पडतो की तासाभराने?

चतुर्थीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याची बॅग अजून ओटीवरच असते, तेवढ्यात घरातला लॅपटॉप त्याच्यापुढे येतो. "बघ रे जरा, ह्यो मधीच बंद पडता." सिंधुदुर्गात ओरोसच्या सरकारी वसाहतीत, कसालला, रानबांबुळीत, कुठेही हे ऐकू येतं. काकांच्या पेन्शनची कागदपत्रं, बहिणीचे नोट्स, मागच्या दहा वर्षांचे फोटो, सगळं त्याच एका यंत्रात असतं. आणि शेजारीपाजारी सगळ्यांचा सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मार."

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. फॉरमॅट केलं की बिघाडाचा पुरावाच पुसला जातो, कारण लॅपटॉप आपल्या प्रत्येक पडझडीची नोंद स्वतःच ठेवत असतो. दोष मेमरीत, बॅटरीत किंवा पंख्यात असेल, तर नवं कोरं विंडोजही त्याच ठिकाणी अडखळणार. फोटो आणि कागदपत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घेणं हे पहिलं काम. दुसरं काम म्हणजे वापरणाऱ्याला नीट प्रश्न विचारणं.

पहिला प्रश्न: बंद पडताना पडद्यावर काही दिसतं का? निळा पडदा आणि त्यावर इंग्रजी अक्षरं दिसत असतील (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा असतो), तर विंडोजने स्वतःहून काम थांबवलेलं आहे. प्रोसेसरमध्ये कामं वेगवेगळ्या अधिकारांनी चालतात. ब्राउझरचा अधिकार कमी, म्हणून तो चुकला तर तो एकटाच बंद होतो. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (वाय-फाय, ग्राफिक्ससारखे भाग चालवणारे प्रोग्राम) मात्र पूर्ण अधिकाराने चालतात. एखाद्या ड्रायव्हरने मेमरीतली भलतीच जागा वाचली, तर यापुढे डिस्कवर काय लिहिलं जाईल याचा भरवसा उरत नाही. अशा वेळी फायली वाचवण्यासाठी विंडोज सगळंच थांबवतं. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या विमानतळांवर आणि रुग्णालयांत निळे पडदे झळकले, ते याच कारणाने. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे तिचा ड्रायव्हर मर्यादेबाहेरची मेमरी वाचायला गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. घरच्या लॅपटॉपवर हेच एखाद्या वाय-फाय किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे होऊ शकतं. स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' शोधलं की दिवसवार आलेख उघडतो. बंद पडलेल्या दिवशी लाल फुली असते आणि कोणतं अपडेट कधी बसलं तेही तिथेच दिसतं. फुल्या एखाद्या अपडेटच्या दिवसापासूनच सुरू झाल्या असतील, तर तपास तिथूनच सुरू करावा.

पडद्यावर काहीच न येता दिवा विझावा तसा लॅपटॉप विझत असेल, तर वाट वेगळी. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्याचा क्रमांक) शून्य असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर, उष्णतेवर किंवा पूर्ण गोठून जाण्यावर जातो. सिंधुदुर्गात वीज जाणं नवं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरची अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. पण घरातली वीज गेली की लॅपटॉपही त्याच क्षणी जात असेल, तर दोष बॅटरीचा. तळ फुगलेला असेल किंवा टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर लिथियम-आयन बॅटरीत वायू साठलाय असं समजावं. मग चार्जिंग तिथेच थांबवायचं, बॅटरी टोचायची किंवा दाबायची नाही, आणि ती बदलूनच घ्यायची.

खरा उलगडा पुढच्या प्रश्नाने होतो: केव्हा बंद पडतो? सकाळी सुरू केल्या केल्या, की तासाभराने?

तासाभराने पडत असेल, तर आधी पंखा पाहावा. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसजवळ गेला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर पुरवठा तोडतो. मागचं झाकण उघडलं की कारण डोळ्यांना दिसतं: पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्या मधोमध, गरम हवा बाहेर पडण्याच्या नेमक्या वाटेवर, जांभ्याची लाल धूळ, केस आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा जाड पट्टा झालेला असतो. बाहेरून फुंकून तो हलत नाही, आतून काढावा लागतो. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरायची सवय असेल तर हा पट्टा लवकर जमतो, आणि हवा आत यायची भोकंही झाकली जातात.

सुरुवातीच्या दहा मिनिटांत अडखळून नंतर दिवसभर सुरळीत चालणारा लॅपटॉप मात्र कोकणात जास्त विचार करायला लावतो. इथल्या हवेत समुद्राचे क्षार असतात आणि पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. बरणीतल्या खड्या मिठाला आषाढात पाणी सुटतं ते त्यामुळेच. समुद्री क्षारांतलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. सर्किट बोर्डवर असा ओला क्षार बसला की शेजारच्या दोन पिनांमध्ये अगदी थोडी वीज गळते. व्होल्टेज मिळत राहिलं, तर धातूचे आयन एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि तिथे सूक्ष्म फांद्या वाढवतात. तांब्यावरचा हिरवट थर ही या गंजाची उघड खूण.

लॅपटॉप तापला की चित्र बदलतं. हवेतलं पाणी तेवढंच ठेवून तापमान २५ वरून ३५ अंशांवर नेलं, तर ९० टक्के आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. चालू यंत्राच्या आतली हवा म्हणून खोलीतल्या हवेपेक्षा कोरडी असते. सकाळी रुसणारा लॅपटॉप दुपारी शहाण्यासारखा वागतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

अशा वेळी पहिला संशय मेमरीच्या पट्टीवर घ्यावा. तिच्या पायांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनहूनही पातळ असतो. दुकानात तो खोडरबराने घासतात. त्याने तात्पुरता फरक पडतो, पण मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला सुती बोळा हलक्या हाताने फिरवणं जास्त बरं, अर्थात यंत्र बंद करून आणि बॅटरी सोडवून. मग पट्टी काढून परत घट्ट बसवायची आणि विंडोजची मेमरी चाचणी रात्रभर लावायची. पट्ट्या दोन असतील तर एकेक काढून तपासायचं. एका वेळी एकच बदल, मग दोन दिवस वाट. पट्टी, ड्रायव्हर आणि चार्जर एकदम बदलले, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

मेमरीच्या चुका वैश्विक किरणांमुळेही होतात. पण गुगलच्या संगणकांवर झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो, की बहुतेक चुका अशा ओझरत्या नसतात. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांवर चुका आढळल्या, आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच वाढलेली होती. त्यामुळे चाचणीत एकदाही चूक दाखवणारी पट्टी घरात ठेवू नये.

चाकरमानी परत गेल्यावर काकांनी करायचं काम सोपं आहे. लॅपटॉप बंद पडला की वेळ, चार्जर लावलेला होता की नव्हता, आणि पडद्यावर काय दिसलं, एवढं वहीत लिहायचं. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढता आला तर आणखी उत्तम. पावसाळ्यात लॅपटॉप आठवडेच्या आठवडे कपाटात कोंडून ठेवू नये, दोन-तीन दिवसांनी तासभर चालवावा. ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. तांदळात पुरू नये, कारण तांदळाची पूड आणि कण पोर्टमध्ये शिरतात आणि क्षार तर जागचा हलतही नाही.