मृतांसाठी प्रार्थना : कॅथलिक परंपरेतील विचार

काही दिवसांपूर्वी कोल्हापुरातील आमच्या एका कॅथलिक स्नेह्यांच्या मातोश्रींच्या निधनास महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा अर्पण करण्यात आली. आम्ही तीस उपस्थित होतो. वेदीवर मेणबत्त्या, भाकर व द्राक्षरस यांचे अर्पण, आणि प्रार्थनेच्या ओघात धर्मगुरूंनी त्या मातेचे नाव घेऊन केलेली विनंती, असा तो साधा विधी होता. बाहेर पडताना आमच्यासोबतचे एक उपासक म्हणाले, "सर, हे श्राद्धच की! नाव तेवढे निराळे."

हा शेरा सहज झटकून टाकावा असा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या घरांत मृताच्या नावाने काहीही करताना मनाच्या कोपऱ्यात एक शंका उभी असते. आणि तरीही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आपल्याकडे होतोच. तेव्हा शेजाऱ्याच्या आचारावर श्राद्धाचा शिक्का मारण्यापूर्वी तो नेमके काय मानतो हे पाहणे अगत्याचे आहे.

कोल्हापूरच्या वाचकास येथे आणखी एक अडचण येते. आपल्या परिचयाची बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे १८५२ साली येथे आलेल्या रॉयल वाइल्डर यांच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतील, म्हणजे प्रॉटेस्टंट आहेत. या प्रेस्बिटेरियन परंपरेला आधारभूत असलेल्या सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर श्रद्धाघोषणेत जिवंतांसाठी प्रार्थना करावी, मृतांसाठी करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांच्या अंत्यविधीत प्रार्थना असते ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. गोवा, सावंतवाडी किंवा आजरा भागातून शहरात आलेल्या कॅथलिक कुटुंबात मात्र प्रार्थना मृतासाठीच होते. दोघेही ख्रिस्ती, दोघांच्या थडग्यांवर क्रूस. पण या एका बाबतीत त्यांच्यात चारशे-पाचशे वर्षांचे अंतर आहे.

हे अंतर बायबलच्या पानांतही दिसते. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात यहुदा मक्काबी या सेनानीच्या काही मृत सैनिकांच्या वस्त्रांखाली मूर्तींचे ताईत सापडले. त्यांच्या पापाची क्षमा व्हावी म्हणून त्याने वर्गणी गोळा करून जेरुसलेमच्या मंदिरात अर्पणासाठी पाठविली, अशी कथा मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात येते. कॅथलिक चर्च हा ग्रंथ प्रमाण मानते, प्रॉटेस्टंट मानीत नाहीत. म्हणून प्रॉटेस्टंट घरांत वाचल्या जाणाऱ्या मराठी बायबलमध्ये तो आढळत नाही. एकाचा आधार दुसऱ्याच्या पुस्तकातच नाही, मग वाद मिटावा कसा?

कॅथलिक विचाराचा गाभा 'शुद्धिस्थान' या कल्पनेत आहे. गोव्याच्या कोकणीत यासाठी पोर्तुगीजातून आलेला 'पुर्गातोर' हा शब्द रूढ आहे. ईश्वराच्या कृपेत मरण पावलेला, परंतु पूर्ण शुद्ध न झालेला जीव स्वर्गात प्रवेश करण्यापूर्वी जेथे शुद्ध होतो ती ही अवस्था. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. शुद्धिस्थान ही उद्धाराची दुसरी संधी नव्हे. तेथील जीवाचा उद्धार निश्चित झालेला असतो. मात्र पुण्य मिळविण्याचा काळ मृत्यूबरोबर संपल्याने तो स्वतःसाठी काही कमावू शकत नाही. म्हणून जिवंतांनी त्याच्यासाठी प्रार्थना, दान व मिस्सा अर्पण करावी. मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल फार जुनी असली, तरी शुद्धिस्थान या अर्थाचे लॅटिन नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले, असे फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. आचार आधी आणि त्याचे नाव मागाहून, हा क्रम धर्मेतिहासाच्या अभ्यासकास नवा नाही.

पुढे १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने या मताची अधिकृत मांडणी केली. फ्लॉरेन्स हे नाव कोल्हापूरकरांस वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. आपले छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्याच नगरीत निवर्तले व आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतस्मरणाचा महिना. स्वतःच्या मृतांसाठी महिनाभर प्रार्थना केलेल्या त्या नगरीत एका परक्या राजाची चिता पेटली. कॅथलिकांना दहनाची मुभा पुढे १९६३ साली मिळाली. अस्थिरक्षा विखुरण्यास मात्र २०१६ च्या रोमच्या सूचनेनेही मनाईच आहे.

या साऱ्या मांडणीत आम्हांस सर्वाधिक मोलाचा वाटतो तो संत ऑगस्टीन. ३८७ मध्ये ऑस्टिया येथे मरणशय्येवर असलेल्या त्याच्या आईने, मोनिकाने, आपला देह कोठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा, असे मुलांना सांगितले. पुढे सुमारे ४२१ साली नोला येथील बिशप पॉलिनस याने त्यास विचारले, की हुतात्म्याच्या समाधीजवळ पुरल्याने मृतास लाभ होतो काय? ऑगस्टीनचे उत्तर विलक्षण स्वच्छ आहे. अंत्ययात्रेचा थाट हे जिवंतांचे समाधान आहे, मृताचे साहाय्य नव्हे. प्रार्थनेचा लाभही सर्वांस होत नाही. काही इतके चांगले असतात की त्यांना तिची गरज नसते. काही इतके वाईट की ती त्यांना उपयोगी पडत नाही. आणि उरलेल्यांना ती उपयोगी पडते, ती त्यांनी जगताना तशी पात्रता मिळविली असेल म्हणून.

पालीच्या अभ्यासकास येथे असिबंधकपुत्त सुत्ताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. खोल डोहात टाकलेला धोंडा लोकांनी हात जोडून विनविले म्हणून वर येत नाही. पाण्यात फुटलेल्या घड्यातील तूप विनवण्यांनी तळाशी जात नाही. ऑगस्टीनचे पहिले दोन वर्ग म्हणजे हेच तूप आणि हाच धोंडा. तिसऱ्या वर्गाचा विचार अंगुत्तरनिकायात आहे. जाणुस्सोणि ब्राह्मणाने श्राद्धाचे दान मृतास पोहोचते काय असे विचारले, तेव्हा ते केवळ प्रेतयोनीतील जीवास पोहोचते, इतरांस नाही, मात्र दात्याचे दान निष्फळ होत नाही, असे तथागतांनी सांगितले. दोन्हीकडे 'पोहोचते काय?' या प्रश्नाला 'कुणाला?' हा प्रतिप्रश्न आहे. भेद आहे तो पोहोचण्याच्या रीतीत. कॅथलिक ईश्वरापाशी याचना करतो. अट्ठकथांच्या मते प्रेताला फळ मिळते ते त्याने स्वतः केलेल्या अनुमोदनाने, म्हणजे त्याच्याच कुशल चित्ताने. तेथे विनवणी ऐकणारा कोणी नाही. पुण्यानुमोदन आणि मिस्सा यांची गल्लत करू नये ती या कारणासाठी.

आता पैशाचा प्रश्न. पोप ग्रेगरी याच्या सहाव्या शतकाच्या अखेरच्या संवादग्रंथात युस्तुस नावाच्या भिक्षूची कथा आहे. त्याने तीन सुवर्णनाणी लपवून ठेवली होती. मृत्यूनंतर त्याच्यासाठी ओळीने तीस दिवस मिस्सा अर्पण केल्यावर तो मुक्त झाला. पेतवत्थूतील कंजूषांची ही सख्खी भावंडे! विपर्यास असा, की लोभाच्या क्षमेसाठी सांगितलेल्या प्रार्थनेभोवतीच पुढे लोभ जमला. १५१७ मध्ये ल्यूथरने क्षमापत्रांवर हल्ला चढविला तो यामुळेच. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थानाचे मत कायम राखले; परंतु हीन द्रव्यलोभाचा व अंधश्रद्धेचा वास येणाऱ्या गोष्टी बंद कराव्यात, अशी आज्ञाही बिशपांस केली. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार मिस्सेसाठी देणगी घेता येते, पण व्यापाराचा भासही होता कामा नये. आणि गरिबांसाठी देणगीवाचूनही मिस्सा अर्पण करावी, अशी शिफारस आहे. नियम चांगला आहे. पाळला किती जातो, हे ज्याचे त्याने आपल्या गावी पाहावे. आपल्याकडील विधींच्या दक्षिणेबाबतही हेच म्हणता येईल.

गोव्यात या आचाराला देशी वळण मिळाले. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस फ्रान्समधील क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांत सुरू केला. त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा १७४८ मध्ये स्पेन, पोर्तुगाल व त्यांच्या ताब्यातील प्रदेशांस मिळाली. उर्वरित जगाला ती पहिल्या महायुद्धातील संहारानंतर १९१५ साली मिळाली. याच गोव्यात १७३६ च्या धर्मसमीक्षण न्यायासनाच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांच्या जन्म, विवाह व मृत्यू यांसंबंधीच्या कितीतरी जुन्या रीती निषिद्ध ठरविल्या होत्या. तरी लग्नापूर्वी घरातील मृतांच्या नावे भिकाऱ्यांना जेवू घालण्याची चाल गोव्याच्या कॅथलिकांत टिकून राहिली. येथे घास पितरांना पोहोचतो असे कोणी म्हणत नाही; जेवतो तो दारी आलेला भुकेला माणूस, आणि त्या दानाचे निमित्त करून ईश्वराला विनंती होते. आमच्या मते श्राद्धापासूनचे खरे अंतर येथे मोजावे. पिंडाची जागा दानाने घेतली आहे, आणि जातीने ठरलेल्या पुरोहिताच्या भोजनाची जागा भिकाऱ्याच्या पंगतीने.

आमच्या उपासक मित्रांस हे सर्व सांगितल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न केला. त्यांचे दिवंगत वडील त्या मातोश्रींचे तीस वर्षांचे शेजारी. मिस्सेत त्यांचे नाव घेता आले असते काय? धर्मसंहितेचे ९०१ वे कलम सांगते, की धर्मगुरूस कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करता येते. त्यात बाप्तिस्म्याची अट नाही. आम्ही स्नेह्यांकडे चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, "आईने त्यांचे नाव दर नोव्हेंबरात चिठ्ठीवर लिहून दिले आहे. यंदा ते मी लिहीन."