बाळंतिणीचे रडू: बाहेरची बाधा नव्हे, मेंदूतला बदल

वस्तीत फिरताना आम्हाला हमखास ऐकू येते, "बाळ गोंडस आहे, मग ही रडते कशाला?" कोणी म्हणते नाटक, कोणी म्हणते बाधा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही बाळंतिणीच्या उशाशी लिंबू ठेवलेले आम्ही पाहिले आहे. म्हणून भगिनींनो आणि बांधवांनो, या वेळी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची ओळख करून घेऊ.

हे हार्मोन गर्भ टिकवते. पण ते रक्तातून मेंदूतही पोहोचते. हार्मोन ही किल्ली मानली, तर पेशीतील रिसेप्टर हे तिचे कुलूप. प्रोजेस्टेरॉनची कुलपे एकाहून अधिक आहेत.

पहिले कुलूप पेशीच्या आत असते. ते उघडले की कोणती प्रथिने जास्त बनवायची, कोणती कमी, याची सूचना जनुकांना जाते. हे काम सावकाश, तासांत किंवा दिवसांत होते. दुसऱ्या प्रकारची कुलपे पेशीच्या आवरणावर असतात. तिथला निरोप झटपट आत जातो.

तिसरा मार्ग आडवळणाचा आहे. शरीर प्रोजेस्टेरॉनपासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनवते. मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या रसायनाचे जे रिसेप्टर आहेत, त्यांवर तो बसतो आणि गाबाचा परिणाम वाढवतो. झोपेच्या काही गोळ्याही याच रिसेप्टरवर काम करतात.

गरोदरपणात वार भरपूर प्रोजेस्टेरॉन बनवते. वार पडली की काही दिवसांतच हे प्रमाण कोसळते आणि त्याबरोबर तो शांत करणारा पदार्थही. बहुतेक जणींचा मेंदू जुळवून घेतो, रडू दोन आठवड्यांत ओसरते. काही जणींना ते जमत नाही. हाच धागा धरून संशोधन झाले आणि २०१९ साली अमेरिकेत अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनच शिरेतून देण्याच्या औषधाला, खास बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी, मान्यता मिळाली. लिंबाने हे रिसेप्टर हलत नाहीत.

मात्र सारा दोष हार्मोनचाही नाही. अपुरे जेवण, नवऱ्याची दारू, मारहाण, मुलगी झाली म्हणून टोमणे यांनीही हा आजार बळावतो. हे थांबवणे घराच्याच हातात आहे.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, बाळाविषयी काही वाटेनासे झाले, तर आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात जा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मनाने घेऊ नका, तो यावरचा उपाय नाही. बाई भलतेसलते बोलू लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, स्वतःला किंवा बाळाला संपवण्याची भाषा केली, तर तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विसावा मिळावा, हा तिचा हक्क आहे असे ते मानत होते. कारखान्याकडून जे मागितले, ते आपल्या घरात आधी देऊ या.

जय भीम!