अंगणात गेलेली शाळा

मूल शाळेत आले नाही, तर दोष कोणाचा? मुलाचा, आईबापांचा, की शाळेचा? या प्रश्नाचा प्रामाणिक शोध घेणाऱ्या शिक्षकांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले होते. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. मूल स्वतःच शिकत असते. शिक्षकाने त्याच्या वाटेतील अडथळे तेवढे दूर करावयाचे असतात, हे मॉन्टेसरी पद्धतीचे मर्म तेथे त्यांच्या अंगी बाणले. पुढे १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. तथापि ही सारी शाळा शहरातील सुस्थित मुलांची. खेड्यातील, गरिबाघरच्या बालकाचे काय?

१९४५ साली, वयाची ५३ वर्षे उलटल्यावर, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, परंतु गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्या शाळाच वस्तीत घेऊन गेल्या, घरापुढील अंगणात मुलांना गोळा करून बसल्या. ही अंगणवाडी.

१९५७ साली हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. तेथे अडचणी निराळ्या होत्या. मुलगी शाळेत यावी, तर धाकट्या भावंडाला कोणी सांभाळावे? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आली. मुलगा गुरे राखावयास जातो? मग शाळा कुरणात भरू लागली. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी व खड्यांनी घेतली.

यात शिकले कोण? मुले तर शिकलीच. पण त्यांच्याआधी शिक्षिकांना शिकावे लागले. ज्या वारली घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखाटला जातो, तेथील मुलाला संस्कारशून्य कसे म्हणावे? त्याच्याजवळ भाषा आहे, गाणे आहे, रानाची ओळख आहे. आपल्याच संस्कृतीला संस्कृती मानण्याचा सुशिक्षिताचा अहंकार अशा अंगणात गळून पडतो. शिक्षकाला स्वतःची खरी ओळख पटते ती तेथेच.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले आणि हा साधा मराठी शब्द देशभर पोहोचला. शब्द पोहोचला, की काम सरले असे मात्र नव्हे. त्या शब्दामागे एक पाऊल आहे, शिक्षकाने मुलाच्या दाराकडे टाकलेले. जेथे जेथे एखादे मूल शाळेबाहेर राहते, तेथे ते पाऊल कोणीतरी पुन्हा टाकावे लागते.