वोल्स्टनची माती आणि बर्फाचं वजन

कॉव्हेंट्रीच्या पूर्वेला काही मैलांवर वोल्स्टन नावाचं गाव आहे. एका हिमयुगाला या गावाचं नाव मिळालं: वोल्स्टोनियन. कॉव्हेंट्री, रग्बी आणि लेमिंग्टनमधले मातीचे थर तपासून फ्रेड शॉटन यांनी १९५३ मध्ये त्यांचा इतिहास मांडला. त्या थरांच्या वयावर अजून वाद आहे. पण इथवर बर्फ आला होता, यावर नाही.

गुरुत्वाकर्षणावरून बर्फाचं वजन मोजणाऱ्या 'ग्रेस' उपग्रहांचा मागोवा घेताना मला हे गाव आधी आठवतं. १७ मार्च २००२ ला प्लेसेत्स्कहून निघालेली ही जोडी, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. वाटेत जड भाग आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि अंतर वाढतं. मागचा जवळ आला की घटतं. केसाच्या जाडीहून बारीक अचूकतेने हे अंतर मोजून दर महिन्याला बर्फाचा हिशेब मांडायचा.

पण या तराजूत बर्फ एकटा नसतो. जुन्या हिमयुगाच्या ओझ्याने खचलेली जमीन अजून वर येते आहे. स्कॉटलंड येतंय, अंटार्क्टिकाचा तळही येतोय, आणि उपग्रहाला तेही वजनच वाटतं. इसाबेला वेलिकोन्या आणि जॉन वाहर यांनी २००६ मध्ये अंटार्क्टिकाची घट दरसाल १५२ घन किलोमीटर सांगितली, अधिकउणे ८०. एवढी मोठी शंका आकड्याशेजारी उघड लिहिणं मला फार मोलाचं वाटतं. पुढे डरहॅमच्या पिपा व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी जमिनीच्या उठावाचं नवं गणित बांधलं. त्यावरून मॅट किंग यांच्या गटाने २०१२ मध्ये दरसाल ६९ अब्ज टन घट काढली, अधिकउणे १८.

ग्रीनलंडबद्दल असा घोळ कमी. तिथून दरसाल सरासरी अडीचशे अब्ज टनांहून जास्त बर्फ गेला. एकट्या २०१९ मध्ये पाचशेहून अधिक. २०१७ मध्ये ग्रेस थांबलं, मे २०१८ मध्ये 'ग्रेस फॉलो-ऑन' निघालं. मधले महिने कोरेच राहिले.

सुमारे ३६० अब्ज टन बर्फ वितळला की जगाचा समुद्र सरासरी १ मिलिमीटर चढतो. ही सरासरी माझ्या दोन्ही घरांना, कॉव्हेंट्रीला आणि मुंबईला, सारखी लागू नाही. ग्रीनलंडचा बर्फ स्वतःच्या ओढीने भोवतालचं पाणी धरून ठेवतो. तो घटला की ते पाणी दूर जातं. म्हणून ब्रिटनच्या किनाऱ्यांवर त्यातलं सरासरीहून कमी येतं, मुंबईला थोडं जास्त. कॉव्हेंट्रीतून समुद्र दिसत नाही. माझं माहेर दादरला, चौपाटीपासून चालत पाच मिनिटांवर.