पावसाळ्यातील श्लेष्मकवके : ओळख व दक्षता

मृगाच्या सरी कोसळून गेल्या की काळाचौकी, शिवडी, लालबाग या वस्त्यांत एखाद्या सकाळी जुन्या झाडाच्या बुंध्यावर, कुजक्या फळीवर वा कुंडीतील पालापाचोळ्यावर पिवळाधमक, ओलसर गोळा दिसू शकतो. आदल्या सायंकाळी तेथे काहीच नसते. पाहणारा साहजिकच बिचकतो आणि कोणी तातडीने त्यावर विषारी औषध फवारतो. १९७३ साली अमेरिकेतील डॅलस शहराच्या उपनगरात असाच गोळा अंगणात वाढू लागला, तेव्हा तेथील रहिवासीही भयभीत झाले होते. वस्तुतः तो एक निरुपद्रवी जीव होता. त्याला श्लेष्मकवक, इंग्रजी नावाने स्लाइम मोल्ड, असे म्हणतात.

नावात कवक असले तरी ही बुरशी नव्हे. शास्त्रज्ञ आज तिची गणना अमीबाच्या कुळात करतात. ओलाव्यात हा जीव चिकट द्रवासारखा पसरतो, संथ गतीने सरकतो आणि जीवाणू, बुरशीचे बीजाणू इत्यादी गिळतो. अन्न संपले वा शुष्कता आली की तो उजेडाकडे येतो, त्याचे बीजाणुकोश बनतात आणि त्यांतील भुकटी वाऱ्यावर उडते. ओळख पटवायची ती प्रामुख्याने या अवस्थेवरून.

सहज ओळखता येतील असे काही प्रकार पुढीलप्रमाणे आहेत. फुलिगो प्रथम पिवळा व फेसाळ असतो. पुढे त्यावर ठिसूळ कवच येते व आत काळसर भुकटी राहते. लायकोगाला गुलाबी मण्यांसारखा असून तो दाबल्यास आतून लगदा निघतो. स्टेमोनायटिस म्हणजे तपकिरी, केसांसारख्या काड्यांचा झुपका. सेराटिओमिक्सा पांढऱ्या, हिमकणांसारख्या बारीक खुंटांचा असतो. फिसॅरम गटातील बीजाणुकोशांवर चुन्याचे कण असतात; विरल आम्लाचा थेंब टाकल्यास बुडबुडे येतात. शिक्षकांनी हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत स्वतः करून दाखवावा.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. बुंध्याच्या तळाशी पंख्यासारखी, कठीण, लाकडी छत्री उगवली असेल तर ती खरी बुरशी होय. झाड आतून पोखरले जात असल्याची ती सूचना असू शकते आणि अशी झाडे वादळी पावसात कोसळण्याचा धोका असतो. तिची माहिती महापालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या संबंधित अधिकाऱ्यांना तत्काळ द्यावी. श्लेष्मकवक मात्र झाड मारीत नाही. ते हाताने वा पाण्याने दूर करता येते. फवारणीची गरज नसते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्याची सुकी भुकटी नाकापासून दूर ठेवावी, इतकीच दक्षता पुरे.

शाळांना निसर्गभ्रमणातून याचा अभ्यास करता येईल. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान किंवा कर्नाळ्याचे अभयारण्य येथे जुलै ते सप्टेंबर या काळात पडलेले ओंडके भिंगाने पाहावेत. अशा संरक्षित क्षेत्रांतून परवानगीविना काहीही उचलू नये; चित्र काढावे, ठिकाण, तारीख व लाकडाचा प्रकार टिपून ठेवावा. भ्रमण शक्य नसेल तर रस्त्यालगतच्या झाडाची सुटी, वाळकी साल झाकणाच्या बशीत टिपकागदावर ठेवून दिवसभर पाण्यात भिजवावी आणि मग पाणी ओतून टाकावे. काही दिवसांत वा आठवड्यांत तीवर सूक्ष्म बीजाणुकोश दिसू शकतात. ही पद्धत १९३३ साली अमेरिकेत पुढे आली. भारतातील जातींवर के. एस. थिंद यांचा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७७ मध्ये प्रकाशित केला आहे.

या सामान्य जीवाकडे संशोधकांचेही लक्ष आहे. २०१० साली जपानी संशोधकांनी टोकियो परिसरातील शहरांच्या जागी ओटचे कण मांडले, तेव्हा श्लेष्मकवकाने त्यांना जोडणारे जे जाळे विणले ते प्रत्यक्ष रेल्वेजाळ्याच्या तोडीचे ठरले. लोकलच्या वेळापत्रकावर दिवस चालणाऱ्या मुंबईकरास याचे विशेष कौतुक वाटावे. भीतीपोटी वापरलेले विष मातीतील उपयुक्त जीवांनाही मारते. म्हणूनच आधी ओळख, मग उपाय हा क्रम प्रत्येक शाळेने व पंचायतीने अंगीकारणे हिताचे ठरेल.