गर्भारपण ते बाळंतपण, लेखांक ७ : नववा महिना, माहेर आणि दवाखाना

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत जळगाव-धुळ्यात अजून घट्ट आहे. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी येते. सासरच्या गावी ज्या नर्सबाईंनी महिनोन्‌महिने वजन केले, रक्तदाब मोजला, त्या तिथेच राहतात. प्रसूतीच्या रात्री समोर असतात ते अनोळखी डॉक्टर. त्यांना या बाईची माहिती सांगते ती फक्त तिची फाईल. म्हणून तयारीची सुरुवात कागदांपासून होते, पिशवी नंतर.

माता-बाल संरक्षण कार्ड, रक्त-लघवीचे अहवाल, सगळ्या सोनोग्राफी, आधार आणि बँकेचे पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी घरातल्या दोघांना तरी माहीत असलेल्या जागी ठेवावी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कार्डावर ठळक लिहून घ्यावा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. हिमोग्लोबिन ११ च्या वर हवे. ते ७ च्या खाली असेल तर बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवे. सातपुड्याच्या पट्ट्यात, पावरा आणि भिल्ल कुटुंबांत, सिकलसेलची तपासणी झाली आहे का हेही पाहावे. ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी तर ही फाईल कोयत्याच्या आधी बांधावी.

तारखेचा घोळ हा दुसरा मुद्दा. अनेकींना शेवटची पाळी सणावरून आठवते: पोळ्याच्या आधी, कानबाईच्या रोटांनंतर. ती आठवण पहिल्या तपासणीतच कॅलेंडरवरच्या तारखेत बदलून घ्यावी. त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की अपेक्षित दिवस निघतो. पाळी १० ऑगस्टची असेल तर तो १७ मे येतो. अशा लेकीला आखाजीला माहेरी आणू म्हणणे उशिराचे ठरते, कारण तोवर तिला छत्तीस आठवडे उलटलेले असू शकतात आणि एसटीचा लांबचा प्रवास त्या दिवसांत नकोच. तिला महिनाभर आधी आणावे आणि आल्या आठवड्यातच माहेरच्या दवाखान्यात नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी असते. त्या दिवशी गेले तर नोंदणी आणि डॉक्टरांची तपासणी एकदमच होते.

दवाखाना कोणता, हे नवव्या महिन्याच्या आधी ठरायला हवे. सगळे सुरळीत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय पुरेसे आहे. रक्तदाब १४०/९० च्या वर, जुळी, आडवे बाळ, आधीचे सिझेरियन, खाली आलेली वार, यांपैकी काहीही असेल तर जिथे रात्रीसुद्धा शस्त्रक्रिया होते तीच जागा निवडावी. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही त्यासाठीची ठिकाणे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात साधे बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जेवण मोफत असते, नेण्या-आणण्याची गाडीही. त्यासाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक आहेत. पण चोपडा, यावल, शिरपूरच्या डोंगराळ पाड्यांवर फोन लागेलच असे नाही. तिथे गावातल्या काळीपिवळीवाल्याशी आधीच बोलून ठेवावे आणि त्याचा नंबर कार्डाच्या मागे लिहावा.

पिशवीत फार काही लागत नाही. आजीचे मऊ झालेले सुती लुगडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे आणि त्याचे चौकोनी तुकडे फाडून घ्यावेत. बाळाला पुसायला आणि गुंडाळायला त्याहून चांगले काही नाही. नवे झबलेही न धुता घालू नये. आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, सॅनिटरी पॅड, पाण्याची बाटली. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा टोपडे, मोजे आणि जाड दुपटे हवेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा मात्र सुती कापडाचा एकच थर पुरतो.

आता कळा. ‘पोट दुखस’ एवढ्यावरून काही ठरत नाही. हात पोटावर ठेवावा, पोट दगडासारखे घट्ट झाले की घड्याळ पाहावे, आणि पुढची कळ सुरू होईपर्यंतची मिनिटे मोजावीत. खोट्या कळा अनियमित असतात, चालल्यावर किंवा विसावल्यावर थांबतात. खऱ्या कळा पाठीतून पुढे येतात आणि त्यांच्यातले अंतर घटत जाते. पहिलटकरणीने पाच-पाच मिनिटांनी, पाऊण-एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघावे. दवाखाना लांब असेल किंवा दुसरे-तिसरे बाळंतपण असेल तर त्याच्या बरेच आधी. पाणमोट फुटली तर कळांची वाट पाहू नये. वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवून लगेच जावे. हिरवट पाणी म्हणजे बाळाने आत शी केली आहे. रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, डोळ्यांपुढे अंधारी, तीव्र डोकेदुखी, झटका, यांतही तसेच. खोट्या कळा म्हणून दवाखान्याने परत पाठवले तर पुष्कळ घरांत ओशाळल्यासारखे होते आणि पुढच्या वेळी रात्र काढली जाते. परत पाठवले जाण्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. दोनदा हेलपाटा झाला तरी चालेल.

प्रसूतिकक्षात गर्भाशयाचे तोंड १० सेंटिमीटर उघडेपर्यंत पहिलटकरणीला बारा तास किंवा अधिकही लागतात. या काळात चालावे, कुशीवर पडावे, दर दोन तासांनी लघवीला जावे, आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी, सरबत, पातळ पेज घ्यावी. तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावल्याने बाई नुसती थकते. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीला एक बाई ठेवण्याची मुभा दिली आहे. आई, मावशी, नणंद यांपैकी जी स्वतः घाबरत नाही तिला न्यावे. बाळ आल्यावर आईला दिले जाणारे इंजेक्शन रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी असते. वार साधारण अर्ध्या तासात पडते.

बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवून पहिल्या तासात अंगावर घ्यावे. मध, घुटी, साखरपाणी काहीही चाटवू नये. पहिले पिवळसर चिकाचे दूधच त्याला पुरते. आंघोळ चोवीस तास तरी नको. साध्या बाळंतपणानंतरही आईने ४८ तास रुग्णालयातच राहावे, कारण जास्तीच्या रक्तस्रावाचा मोठा धोका पहिल्या दिवसातच असतो. निघण्यापूर्वी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस-बीची लस बाळाला मिळाल्याची नोंद कार्डावर करून घ्यावी, आणि जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होईल हे पाहावे.