कोणती भाषा शिकू? खोडदच्या दुर्बिणीकडे बघून दिलेलं उत्तर

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भीमाशंकरच्या या पट्ट्यात, म्हणजे आंबेगाव-जुन्नरमध्ये, प्रोग्रॅमर बोलायला उभा राहिला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोणती भाषा शिकू? पायथॉन का जावा? आणि सी आता जुनी झाली ना?" हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. क्लासची फी कुणाच्या तरी टोमॅटोच्या नाहीतर कांद्याच्या पैशातून जाते. चुकीची भाषा निवडली तर पैसे गेले आणि वर्षही गेलं, ही भीती त्यामागे असते.

भाषांबद्दल माझी मतं आहेत, ती मी सांगणार आहे. पण नुसती मतं ऐकून तुमचा काही फायदा नाही. म्हणून आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. नारायणगावच्या पूर्वेला खोडद आहे आणि तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि २००२ पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांना वापरायला मिळते. विज्ञान दिनाला तुमच्यापैकी बरेच जण ती बघून आले असतील. तुम्ही अँटेना बघितल्या. मी आज त्यांच्यामागच्या प्रोग्रॅमबद्दल बोलणार आहे.

आधी कामाचा आकार समजून घेऊ. दुर्बिणीच्या सुधारित रूपात एका वेळी ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा नोंदवता येतो. नियम असा आहे की पट्टा जेवढा रुंद, त्याच्या दुप्पट वेगाने नमुने घ्यावे लागतात. म्हणजे सेकंदाला ८० कोटी नमुने. प्रत्येक अँटेनाकडून ध्रुवीकरणाचे दोन प्रवाह येतात, म्हणून एकूण प्रवाह ६०. गुणाकार करा: सेकंदाला ४,८०० कोटी आकडे. बरं, एवढ्यावर भागत नाही. ३० अँटेनांच्या जोड्या किती होतात? ४३५. प्रत्येक जोडीतल्या लहरींचा एकमेकींशी गुणाकार करायचा, तेव्हा कुठे आकाशाचं चित्र बनवता येतं. त्याचा हिशोब सेकंदाला जवळपास ३४,८०० कोटी गुणाकारांवर जातो.

आता पायथॉनकडे या. साध्या पायथॉनच्या लूपमध्ये एका चांगल्या संगणकावर सेकंदाला काही कोटी बेरजा होतात. दोन कोटी धरू. तर त्या ४,८०० कोटी आकड्यांची नुसती बेरीज करायला २,४०० सेकंद लागतील, म्हणजे ४० मिनिटं. आकाशातून एक सेकंदाचा माल आला आणि तो मोजायला ४० मिनिटं गेली! पुढच्या सेकंदाचा माल तोवर कुठे ठेवणार?

म्हणून तिथे पायथॉन नाही. सुरुवातीला हे काम त्याच्यासाठीच बनवलेल्या चिप्स करायच्या. चिप वेगवान असते, पण तिच्यात बदल करायचा म्हटलं की अडचण. मग नेहमीचे लिनक्स संगणक एकमेकांना जोडून तेच काम सॉफ्टवेअरने करायची सोय झाली. त्याबद्दलचा शोधनिबंध २०१० चा आहे. तेव्हा पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा होता. तो ४०० पर्यंत वाढला तेव्हा काम वाटून दिलं. नमुने घेण्याचं काम एफपीजीएकडे, म्हणजे जिची आतली जोडणी प्रोग्रॅम लिहून बदलता येते अशा चिपकडे. आणि गुणाकार जीपीयूकडे, म्हणजे व्हिडिओ गेमसाठी जन्मलेल्या ग्राफिक्स कार्डाकडे. जीपीयूसाठी जी कुडा वापरतात, ती म्हणजे सीचंच वाढवलेलं रूप. "सी जुनी झाली ना?" या प्रश्नाचं माझं उत्तर तुम्हाला इथेच मिळालं असेल.

पण म्हणून पायथॉन टाकाऊ आहे का? अजिबात नाही. नोंदी डिस्कवर उतरल्या की घाई संपते आणि दुसरं काम सुरू होतं: खराब नोंदी काढायच्या, मोजमाप दुरुस्त करायचं, चित्र बनवायचं. इथे माणूस विचार करतो, करून बघतो, बदलतो. इथे पायथॉन राजा आहे. रेडिओ खगोलशास्त्रात कासा नावाचं पॅकेज वापरतात. त्याचं जड काम सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे आणि आपण त्याला हुकूम देतो ते पायथॉनमधून. मी याला मुकादमाची पद्धत म्हणतो. मुकादम स्वतः ऊस तोडत नाही. कोणी, कुठून, कधी तोडायचा ते सांगतो. पायथॉन हा मुकादम आहे. त्याला कोयता दिला की तो हळू पडतो, आणि मग लोक म्हणतात भाषाच वाईट. भाषा वाईट नाही, काम चुकीचं दिलं. नांगराने पेरणी होत नाही म्हणून आपण नांगराला नावं ठेवतो का? पेरायला पाभर घेतो.

याचं सुंदर उदाहरण याच दुर्बिणीवरचं आहे. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली, दोन हजार तासांहून जास्त. पुढे ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी तो सगळा डेटा नव्याने चाळला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागातले ६ लाख २० हजारांच्या आसपास रेडिओस्रोत आहेत. साधन कोणतं? इंटेमा यांचा स्पॅम नावाचा पायथॉन प्रोग्रॅम. तो काम करून घेतो एप्सकडून. एप्स हे १९७८ मध्ये सुरू झालेलं, फोरट्रान भाषेतलं पॅकेज. दोघांच्या मधे दुभाषा म्हणून पार्सलटंग. हॅरी पॉटरमधली सापांची भाषा आठवते ना? तेच नाव. सांगायचं काय, तर म्हाताऱ्या फोरट्रानला कुणी घराबाहेर काढलं नाही. त्याचा हिशोब पक्का होता, म्हणून त्याच्याशी बोलायला नवा माणूस ठेवला. चालणारा, तपासलेला जुना प्रोग्रॅम केवळ फॅशन बदलली म्हणून नव्याने लिहू नये, हे माझं ठाम मत आहे.

नव्यालाही किंमत मोजावी लागते, तेही सांगतो. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. कासा पॅकेजही सहाव्या आवृत्तीत पायथॉन ३ वर गेलं. जुने प्रोग्रॅम दोन प्रकारे मोडले. एक, प्रिंट लिहायची पद्धत बदलली. तिथे संगणक ओरडतो, चूक दाखवतो, आपण पाच मिनिटांत दुरुस्त करतो. दुसरा प्रकार वाईट. पाच भागिले दोन, याचं उत्तर पायथॉन २ मध्ये दोन यायचं, कारण पूर्णांकांचा भागाकार तो पूर्णांकातच द्यायचा. पायथॉन ३ मध्ये अडीच येतं. प्रोग्रॅम निमूटपणे चालतो आणि उत्तर बदलतं! शोधनिबंधातला आकडा असा बदलला तर कळणार कुणाला? म्हणून माझ्या लेखी चांगलं साधन ते, जे चुकलं की ओरडतं. आणि जिथे ते ओरडत नाही, तिथे आपण चाचण्या लिहून ठेवायच्या: या माहितीला हे उत्तर यायलाच हवं.

आता भाषेपेक्षा जास्त टिकणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली, माहितीचा साचा. खगोलशास्त्रात फिट्स नावाचा साचा १९८१ पासून रूढ आहे. फाइलच्या सुरुवातीला साध्या अक्षरांत मजकूर असतो, ८० अक्षरांची एकेक ओळ: कोणती दुर्बीण, कोणती तारीख, कोणतं एकक. ८० अक्षरं का? तर पंचकार्डावर तेवढीच मावायची. पंचकार्डं गेली, ओळ राहिली. जीएमआरटीच्या स्वतःच्या साच्यातल्या नोंदीही शेवटी फिट्समध्ये बदलून घेतात. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची फाइल आजच्या पायथॉनमध्ये उघडते. तुमच्या दूध संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदींनाही हेच लागू आहे. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पण आधी विचारा: माझी माहिती साध्या, उघड साच्यात बाहेर काढता येईल का? नसेल येत, तर ती माहिती तुमची राहिली नाही.

दुसरी टिकणारी गोष्ट म्हणजे रीत, ज्याला अल्गोरिदम म्हणतात. विजेच्या तारांवर ठिणग्या उडतात, त्यांचा खरखराट दुर्बिणीत शिरतो. तो जागच्या जागी गाळायची सोय जीएमआरटीने एफपीजीएवर केली. त्यामागचं गणित तुम्ही दहावीला केलंय: मध्यक. शंभर आकडे आहेत, सगळे दहाच्या आसपास, आणि त्यात एक ठिणगी आली, एक लाखाची. सरासरी थेट हजारावर जाते. मध्यक? जागचा हलत नाही. म्हणून मध्यक घ्यायचा, त्यापासून फार लांब गेलेला आकडा काढून टाकायचा. ही रीत ज्याला कळली, तो ती सीमध्ये लिहील, पायथॉनमध्ये लिहील, चिपवरही लिहील. ज्याला फक्त भाषा येते, तो कशात काय लिहिणार?

तर मग कोणती भाषा शिकू? एक मुकादम भाषा शिका, म्हणजे पायथॉन. तिच्यात विचार लवकर कागदावर येतो. त्याबरोबर थोडी तरी सी शिका, म्हणजे मशीनच्या पोटात काय चालतं ते कळेल. लिनक्स वापरायला शिका. आपल्या प्रोग्रॅममधले बदल नोंदवून ठेवायला गिट शिका. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. सगळं फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. क्लास लावायचाच असेल तर लावा, पण फी भरण्याआधी तिथे एक प्रश्न विचारा: "तुम्ही भाषा शिकवणार, का एखादं काम शेवटपर्यंत करून घेणार?" काम करून घेणार असतील, तर भाषा कोणती याची फार काळजी करू नका. दुसरी भाषा पहिलीपेक्षा निम्म्या वेळात येते.

आता प्रश्न विचारा.